नऊ नंबरचं पान

कॉलेजच्या मधल्या जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान कसलं, जिना बांधून उरलेली जागा ती. आत एक मशीन, एक स्टूल आणि मावशी. चौथं काही ठेवायचं म्हटलं तर या तिघांपैकी एकाला बाहेर काढावं लागलं असतं. डोक्यावरून दिवसभर पोरं धडधडत वर-खाली करायची, आणि जिना फारच हादरला की मावशी वर बघून ओरडायची, "हळू रे! शिक्षण काही पळून जात नाही!"

ती सगळ्या कॉलेजची मावशी. आई मात्र एकाच मुलीची, आणि ती मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून चिंगी. आता आईच्या डोक्यावरून हात घालून वरच्या फळीवरचे कागदाचे गठ्ठे काढायची, तरी नाव चिंगीच.

मावशीची एक खोड आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या खोडीपायी झालं. मशीनमधून जो कागद बाहेर येईल तो ती वाचायची. अर्ज असो, नोट्स असोत, कुणाचा डॉक्टरी रिपोर्ट असो. "हातात आलेलं वाचायचं नाही म्हणजे ताटात वाढलेलं टाकण्यासारखं," असं तिचं म्हणणं. त्यातही तिला सगळ्यात आवडायचे मॅडमचे लेख. मॅडम 'समाज आणि शिक्षण' शिकवायच्या. दर गुरुवारी एक लेख झेरॉक्सला द्यायच्या, आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला तीस खुर्च्या गोलात मांडून त्यावर चर्चा. चर्चेला मार्क होते, म्हणून हजेरी भरपूर.

आणि वाचायचं? नाव काढू नका! पोरं गुरुवारी संच घ्यायची, पिशवीत कोंबायची, आणि शुक्रवारी तासाला वीस मिनिटं उरली की दुकानासमोर गोळा व्हायची. "मावशी, काय आहे हो यात?" मग मावशी मशीनला टेकून चौदा पानांचा लेख पाच मिनिटांत सांगायची, आणि सांगायची पण अशी की मॅडमनी ऐकलं असतं तर त्यांनी स्वतःच एक खुर्ची ओढली असती. त्यात सगळ्यात पुढे दोघं. एक पुढारी. हा गरिबीवर असा हात हलवून बोलायचा की वाटावं, परवाच भेटून आलाय तिला. दुसरी चष्मिस, जी कानावर पडेल ते लिहून घ्यायची, मधली शिंकसुद्धा. चिंगी त्यांच्या मागे उभी असायची. घरात विहीर असताना नळाला रांग कोण लावतंय, तीही वाचायची नाही.

त्या गुरुवारी लेख होता शाळा सोडणाऱ्या मुलांवर. संध्याकाळी गर्दी होती, मशीन तापलं होतं, मावशीनं गठ्ठा आत सरकवला, तीस संच आणि नेहमीसारखे दोन जादा काढले, पिना मारल्या, तीस वाटून टाकले. शुक्रवारी दुपारी जरा निवांत झाल्यावर ती वाचायला बसली, आणि आठव्या पानानंतर एकदम दहावं आलं. तिनं दुसरा संच पाहिला. आठ, दहा. मॅडमचा मूळ गठ्ठा सकाळीच शिपाई घेऊन गेला होता. मशीननं नववं पान गिळलं होतं आणि ढेकरही दिला नव्हता.

आणि गंमत बघा, तीस जणांपैकी एकही जण सांगायला आला नाही की मावशी, एक पान कमी आहे. एकही नाही! म्हणजे वाचनाचा उजेड किती पडला होता ते कळतंच.

आठवं पान संपत होतं ते असं, की हजेरी आणि शाळा सोडणं यांचा संबंध पुढच्या पानावरून स्पष्ट होईल. दहावं सुरू होत होतं, 'तेव्हा याकडे शाळांचं लक्ष असणं गरजेचं आहे.' मधे नेमकं काय होतं देव जाणे. आणि समोर पोरं उभी. "मावशी, लवकर! दहाच मिनिटं आहेत!"

पान राहिलं असं सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत तिच्या हातून पान राहिलं नव्हतं, आणि तीस जण तोंडाकडे बघत असताना जीभ काय करेल सांगता येत नाही. ती म्हणाली, "मग नवव्या पानावर एका मुलीचं उदाहरण दिलंय."

मुलगी सातवीत होती. हुशार. त्या वर्षी दुसरीच्या वर्गाला शिक्षकच नव्हते. हेडमास्तर म्हणाले, तू जरा त्या पोरांकडे बघ. ते 'जरा' वर्षभर चाललं. मुलगी रोज शाळेत यायची, शेजारच्या खोलीत जाऊन दुसरीला पाढे शिकवायची, आणि तिकडे सातवीत तिची हजेरी रोज लागायची, कारण आहे ती शाळेतच. वर्ष संपलं. दुसरीची सगळी पोरं पास. तिला वर्षभर एकही दिवस न बुडवल्याबद्दल बक्षीस. आणि निकालात ती नापास, कारण सातवीचं पुस्तक तिनं उघडायचं कधी? बाप म्हणाला, एक दिवस चुकवला नाही तरी नापास होते, म्हणजे हिच्या डोक्यातच नाही. संपली शाळा.

सांगून झालं तेव्हा कुणी "थँक्यू मावशी" म्हणालं नाही. मग तासाची घंटा झाली आणि सगळी धावत वर गेली.

मावशी मात्र उगाचच पिना मोजत बसली. पिना ठेवायला तिच्याकडे एक जुनी पत्र्याची कंपासपेटी होती, झाकणावरचा रंग उडालेली. चिंगी तिसरीत असताना गणितावरून रडत होती, तेव्हा तिनं विचारलं होतं, "आई, ही तुला कशी मिळाली?" आणि पोरीनं रडं थांबवावं म्हणून मावशी बोलून गेली होती, "वर्गात पहिली आले म्हणून." पोरगी वाढत गेली तशी थापही वाढली. मावशी सातवीत पहिली आली, मग दहावी पास झाली, पुढे शिकायची होती पण लग्न झालं. नवरा बसचा ड्रायव्हर, त्याला खरं ठाऊक होतं. एकदा म्हणालाही होता, "सांगून टाक की, पोरगी काय खाणार आहे तुला?" पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडायची कशाला?

त्या संध्याकाळी चिंगी घरी आली ती पिशवी न ठेवताच बोलायला लागली. "आई, आज काय रंगलं माहितेय! तासभर नुसती त्या मुलीवरच चर्चा! पुढारी म्हणाला, दोष व्यवस्थेचा. चष्मिस म्हणाली, हेडमास्तरांचा. आणि मी उभी राहिले."

"तू काय म्हणालीस?" मावशीनं भाजी ढवळत विचारलं.

"मी म्हटलं, दोष त्या मुलीचाच. तोंड नव्हतं का तिला? वर्षभरात एकदा तरी म्हणायचं ना, मला माझ्या वर्गात बसू द्या! मूर्खासारखं स्वतःला वापरू कसं दिलं तिनं? मी म्हटलं, माझी आई तसल्याच शाळेत शिकली, पण वर्गात पहिली आली. परिस्थिती सगळ्यांनाच असते, धमक पाहिजे."

मावशीचा हात थांबला. भाजी खाली लागली, वास सुटला, तेव्हा कुठे तिनं गॅस बंद केला. आपली पोरगी आपल्याच नावानं आपल्याला मूर्ख ठरवून आली होती, आणि वर छाती फुगवून सांगत होती. रागवावं तर कुणावर?

"पण शेवटी घोळ झाला," चिंगी म्हणाली. "मॅडमनी तासभर नुसतं ऐकून घेतलं, मग विचारलं, हे कुठल्या पानावर आहे? सगळे म्हणाले, नऊ. बघतात तर नऊ कुणाकडेच नाही. मॅडमनी खोलीतून मूळ पुस्तक आणलं, त्यात नवव्या पानावर नुसता तक्ता. मुलगीबिलगी काही नाही. मॅडम म्हणाल्या, ही मुलगी कुणी रचली? मी सरळ सांगितलं, माझ्या आईनं वाचलंय ते, आणि माझी आई खोटं बोलत नाही. त्या म्हणाल्या, मग पुढच्या शुक्रवारी ते पान आणा, नाहीतर तिसांनाही शून्य. आई, तुझ्याकडे असेलच ना कुठेतरी? दुसऱ्या लेखातलं असेल."

"बघते," मावशी म्हणाली.

'दुसऱ्या लेखातलं असेल.' पोरीनं पळवाट आयती हातात दिली होती. रोज शंभर कागद येतात-जातात, कुणाचा तरी होता, घेऊन गेला, आता कुठे शोधू? कोण विचारणार होतं? पण मग तीस पोरांना शून्य. आणि पान सापडलं नाही तरी चिंगी म्हणत राहणार, माझी आई खोटं बोलत नाही. हे दुसरं जास्त टोचत होतं.

सोमवारी पुढारी आणि चष्मिस दुकानाशी आले. पुढारीनं आज हात हलवले नाहीत. "मावशी, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पान नसेल तर नसू दे. आम्ही सांगू, आम्हीच रचली ती मुलगी."

"का रे बाबा?"

"मॅडम प्राचार्यांकडे गेल्या तर तुमचं दुकान जाईल," चष्मिस म्हणाली. "शून्याचं आम्ही बघू. एका लेखाचंच आहे."

"आणि चिंगी काय म्हणते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ती ऐकतच नाही," पुढारी म्हणाला. "ती म्हणते, पान आहे. आई म्हणाली म्हणजे आहेच."

मावशीनं त्यांना हाकलून दिलं. म्हणाली, "जा, तासाला जा, माझं दुकान सांभाळायला मी आहे." पण डोळे भरून आले होते. ही पोरं, यांना वाचायचा कंटाळा, उंटावरून शेळ्या हाकणारी, आणि वेळ आली तेव्हा तिच्यासाठी शून्य घ्यायला तयार झाली!

बुधवारी मशीन दुरुस्त करणारा आला. मागचं झाकण काढलं, आत हात घातला आणि चुरगळलेला, काळा झालेला कागद ओढून काढला. "घ्या, तुमचं मशीन काय काय खातं बघा." मावशीनं तो मांडीवर ठेवून सारखा केला. नऊ नंबर. वर मथळा, खाली तक्ता. एका बाजूला हजेरी, दुसऱ्या बाजूला शाळा सोडणारी मुलं. हजेरी पन्नास टक्क्यांच्या खाली, तर गळती फार. मग कमी, मग आणखी कमी. शेवटची ओळ, हजेरी पंचाण्णवच्या वर, गळती शून्य. खाली लिहिलं होतं, पूर्ण हजेरी असलेलं मूल शाळा सोडत नाही.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. शिकलेल्या माणसांनी मोजूनमापून लिहिलेलं, पुस्तकात छापलेलं. आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की हे चूक आहे. तिचं डोकं नाही, हे चूक आहे. बत्तीस वर्षं ती बापाचं वाक्य उशाशी घेऊन झोपत होती, की एक दिवस चुकवला नाही तरी नापास, म्हणजे डोक्यातच नाही. अरे, वर्गात बसलेच नव्हते तर येणार कुठून!

गुरुवारी चिंगीनं विचारलं, "मिळालं का गं पान?"

"मिळालं."

"बघ!" चिंगीनं तिला धरून गरकन फिरवलं. "मी म्हटलं होतं! आता बघतेच एकेकाला!" मावशीच्या तोंडाशी आलं होतं, अगं थांब, ऐक जरा. पण पोरीचा चेहरा बघून तिनं ते गिळलं, आणि रात्रीच्या पोळ्यांना लागली. नवरा ताट घेताना तिच्याकडे बघत होता.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मावशीनं दुकानाला कुलूप लावलं. ज्या जिन्याखाली अकरा वर्षं काढली तो जिना चढताना तिला कळलं की तो भलताच उभा आहे. हातात नववं पान आणि कंपासपेटी. पिना घरीच काढून ठेवल्या होत्या.

तीस खुर्च्या गोलात होत्या. ती दारात दिसल्यावर पुढारी घाईनं उठला. "मॅडम, त्यांचा काही संबंध नाही, ती मुलगी आम्ही..."

"खाली बस," मावशी म्हणाली, आणि तो बसला. मॅडमनाही तो एवढा लगेच बसलेला कधी दिसला नव्हता.

मावशीनं पान मॅडमसमोर ठेवलं. "हे नऊ नंबरचं पान. मशीनमध्ये अडकलं होतं. चूक माझी. मुलांना जे सांगितलं ते यात नाही."

"मग कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण सोडणाराही नव्हता.

मावशीनं कंपासपेटी पानावर ठेवली. झाकणाच्या आत, जिथे रंग शाबूत होता, तिथे पांढऱ्या रंगात बारीक अक्षरं होती. मॅडमनी पेटी उघडून मोठ्यानं वाचली. "इयत्ता सातवी. पूर्ण हजेरीबद्दल."

चिंगी समोरच्या खुर्चीत होती. ती पेटी तिनं लहानपणापासून हजारदा पाहिली होती, पण पिनांनी भरलेली, आणि झाकणाची आतली बाजू कोण बघतं? तिनं आईकडे पाहिलं. मग पेटीकडे. चेहरा हळूहळू लाल होत गेला. चष्मिसचं पेन पहिल्यांदाच बंद होतं.

"मी दहावी पास नाही," मावशी म्हणाली. हे ती मॅडमना सांगत होती, पण बघत होती चिंगीकडे. "सातवीसुद्धा नाही. पहिली वगैरे कधी आले नाही. ते मी पोरीला खोटं सांगितलं. ती मुलगी मीच."

मग चिंगी म्हणाली, "मी तिला मूर्ख म्हणाले होते."

"म्हणालीस. मलाही तसंच वाटायचं."

"पण मग का नाही गं बोललीस? वर्षभर?"

हा प्रश्न मावशीला बत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, तिनं स्वतःसुद्धा नाही. "काय बोलणार? मला तिथे आवडत होतं. मी आत गेले की पोरं उठून उभी राहायची. मला बाई म्हणायची. घरात मी सगळ्यात धाकटी, मला कुणी अरे-तुरेशिवाय हाक मारत नव्हतं, आणि तिथे तीस पोरं बाई म्हणायची. माझ्या वर्गात परत पाठवा असं मी कशाला म्हणेन? ते वापरणं होतं हे नापास झाल्यावर कळलं. आधी नाही कळत गं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या तशा कडक बाई, पोरं त्यांच्या मागे काय काय म्हणायची. त्यांनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा लेख मी सात वर्षं शिकवतेय. पूर्ण हजेरी, गळती शून्य. सात वर्षांत ही ओळ मला एकदाही खटकली नाही." मग मान वर करून म्हणाल्या, "तुम्हा तिसांना शून्यच. ती मुलगी खरी निघाली म्हणून नाही, लेख कुणीच वाचला नाही म्हणून. नऊ नंबरचं पान नाही हे एकालाही कळू नये? लाज वाटू द्या जरा. सोमवारपर्यंत प्रत्येकानं हा तक्ता वाचून त्यात काय चुकलंय ते लिहून आणायचं. ते तपासून मग बघू. आणि तुम्ही," त्या मावशीकडे वळल्या, "यापुढे खाली कुणालाही लेख सांगायचा नाही."

मावशीनं मान हलवली. "बरं. मग वाचू पण नको का?"

"वाचा की. आणि शुक्रवारी वर येऊन सांगा."

खुर्च्या तीसच होत्या. चिंगी उठली, आपली खुर्ची आईच्या मागे आणून ठेवली, आणि खांद्याला धरून तिला खाली बसवलं. स्वतः शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. तास संपेपर्यंत तिचा हात आईच्या गुडघ्यावरच होता. चर्चा झाली. पुढारी एकदाच बोलला, तेही हात न हलवता. मावशी दोनदा बोलली आणि दुसऱ्यांदा मॅडमशी भांडलीसुद्धा.

मॅडमची पद्धत अशी की हजेरी तासाच्या शेवटी. मधून पळणाऱ्यांसाठी. त्यांनी यादी काढली, एक ते तीस नावं वाचली, तीस वेळा 'हजर' ऐकलं आणि यादी मिटायला लागल्या.

"मॅडम, एक राहिलं," चिंगी म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. पेन परत उघडलं. तिसाच्या खाली एकतीस आकडा घातला आणि विचारलं, "पूर्ण नाव?"

मावशीनं नाव सांगितलं. लग्नानंतरचं नाही. बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव लावलेलं, सातवीच्या हजेरीपटात होतं ते. चिंगीनंसुद्धा आईचं ते नाव असं सलग कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी ते लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

मावशी उभी राहिली. बत्तीस वर्षांपूर्वी या नावाला रोज कुणीतरी तिच्या वतीनं परस्पर उत्तर देऊन टाकत होतं, आणि ती शेजारच्या खोलीत होती. आज ती याच खोलीत होती.

"हजर, बाई," ती म्हणाली.